गडग्यावरचा वाघ

करंजखोलच्या सुतारवाडीत भागोजी आणि लवू या दोघा भावांच्या खळ्यांच्या, म्हणजे अंगणांच्या, मधोमध जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता. घराची वाटणी झाली तेव्हा तो रचला आणि गंमत म्हणजे या दोघांनीच मिळून रचला. लवूनं दगड आणून द्यायचे, भागोजीनं बसवायचे. गडगा पुरा होईपर्यंत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत आणि पुरा झाल्यावरही नाहीत. पण काम असं नेटकं उतरलं की सात पावसाळे गेले तरी त्यातला एक दगड हलला नव्हता. पालीच्या बाजाराहून वाडीत येणारा नवखा माणूससुद्धा विचारायचा, कुणी रचला हो हा गडगा? मग कुणीतरी हसत हसत त्याला सगळी हकिकत सांगत बसायचं.

हकिकत तशी एवढीशी. पावसच्या एका बागायतदारानं दारावर बसवायला लाकडाचे दोन हत्ती करून घेतले होते. लाकडाच्या ओंडक्यातून वाकसानं तासून जनावर मोकळं करायचं ते भागोजीनं, आणि बारीक पटाशीनं त्याचं तोंड काढायचं, डोळ्यांत जीव घालायचा तो लवूनं, ही त्यांच्या बापापासूनची रीत. हत्ती तसेच झाले. बागायतदार खूश झाला आणि चार लोकांत म्हणाला, "लवूचे हत्ती बघत राहावे असे झालेत." महिनाभर वाकस चालवून भागोजीच्या तळहाताची सालं निघाली होती. त्याच्या मनाला ते लागलं. तोही चार लोकांतच बोलून गेला, "तोंडाचं काय एवढं? तोंड भोपल्यावरपन काडता येतं." लवू तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, ऐकून घेणारा थोडाच. "मग दादानं भोपलेच करावेत," म्हणाला. झालं, तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

तेव्हापासून भागोजी आपली जनावरं आपण करायचा आणि लवू आपली आपण. भागोजीच्या बैलाचं वशिंड बघून हात फिरवावासा वाटे, पण तोंडाकडे बघितलं की तो बैल आहे की तापानं उठलेला माणूस, ते कळत नसे. लवूच्या हरणाचे डोळे बघणाऱ्याच्या मागे मागे यायचे, पण हरीण तीन पायांवर उभं राही आणि चौथ्याखाली चिपाट सारावं लागे. भागोजीचं जनावर मागून बघावं आणि लवूचं पुढून, असं गाव म्हणायचं. दोघांच्या कानांवर ते जाई. दोघंही त्यातला आपल्याबद्दलचा बरा भाग तेवढा ऐकत.

या सगळ्यात खरी ओढाताण व्हायची ती भागोजीच्या बायकोची, राहीची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासू नव्हती आणि लवू नाक पुसायलाही दुसरं माणूस लागावं एवढा होता. तिला स्वतःला मूल झालं नाही. लवूला तिनंच न्हाऊमाखू घातलं, गोवरात मांडीवर घेऊन बसली, पुढं त्याची बायको म्हणून काशीला बघायला गेली तीही तीच. गडगा झाला तेव्हा नवऱ्याच्या बाजूला राहायचं म्हणून ती राहिली, एवढंच. भाऊ बोलत नसले तरी जावांचं बोलणं कुणी बंद केलं नव्हतं. त्यामुळं इकडचा निरोप तिकडं राही न्यायची आणि तिकडचा इकडं काशी आणायची.

निरोप न्यायची या दोघींची एक पद्धत होती. भागोजी म्हणायचा, "सांग त्या दीडशान्याला, तेची शेली माज्या परसात शिरली तर तंगडी मोडून ठेवीन." राही गडग्याशी जाऊन म्हणायची, "काशे, शेली जरा बांदून ठेव गो बाय." लवू म्हणायचा, "तेंच्या बापाचं एकट्याचं हाय काय परस?" काशी येऊन सांगायची, "बांदतो म्हनालेत." वाईटसाईट गडग्यावर गाळून पडायचं आणि पलीकडं चांगलं तेवढं पोचायचं. इतकी वर्षं ऐकून ऐकून राहीच्या कानांना सवय झाली होती. नवऱ्याच्या तोंडून शिवी सुरू झाली की तिचे कान आपोआप मिटत. पुढचं तिला ऐकूच येत नसे.

त्या वर्षी पौषात लवूनं तिला गडग्याशी बोलावलं आणि सांगितलं की शिमगा झाला की तो आणि काशी मुंबईला जाणार. काशीचा भाऊ बाबल्या तिथं फर्निचरच्या कारखान्यात होता. त्यानं जागा बघून ठेवली होती.

"आरं, संप फसला नि गिरनीतली पोरं गावाला परत आलीत. आनि तू निगालास?" राही म्हणाली.

"ते गिरनीतले, वयनी. सुताराला तितं काम हाय. कपाटं करायची, सनमायका चिकटवायचा."

"तो काय आसतो?"

"कागदच आसतो म्हना. लाकडासारका दिसतो."

"मग लाकूडच का नाय लावीत?"

लवू हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "इतं कुनासाटी ऱ्हाऊ, सांग. गडग्याच्या ह्या अंगाला बसून तीन पायांची हरनं करीत?"

राहीला हसू आलं नाही. गडग्यापलीकडचं का होईना, पण पोरगं रोज डोळ्यांसमोर होतं. पटाशीवर पडणारा त्याचा लाकडी हातोडा ती घरात बसून ऐके. उद्या त्या दाराला कुलूप लागलं की या खळ्यात भागोजी, ती आणि गडगा एवढंच उरणार होतं. तिला पक्कं ठाऊक होतं, भागोजी एकदा स्वतःच्या तोंडानं 'जाऊ नको' म्हणाला असता तर लवू हलला नसता. आणि हेही ठाऊक होतं की भागोजी म्हणणार नाही. तिनं घरात येऊन त्याला सांगितलं तेव्हा तो वाकसाला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "जायनात," म्हणाला. धार मात्र त्या दिवशी इतकी लावली की पातं चवलीएवढं झिजलं असेल.

गावदेवी वाघजाईचा लाकडी वाघ त्याच सुमाराला मोडला. शिमग्यात पालखीच्या पुढं एका गड्यानं तो वाघ खांद्यावर घेऊन चालायचं अशी करंजखोलची रीत होती. वाघ गाभाऱ्याच्या मागच्या अंधारात ठेवलेला असे. या खेपेला साफसफाईसाठी उचलायला गेले तर हातात नुसतं कवच आलं. आतला सगळा वाघ वाळवीनं खाल्ला होता. देवीच्या राईतला एक फणस श्रावणातल्या वादळात आडवा झाला होता, त्याचा वाघ करावा हे गावकीत लगेच ठरलं. करायचा कुणी, यावर मात्र घोडं अडलं. वाघ करणं हा सुताराच्या घराचा मान, आणि घरं तर आता दोन. मग देवीला कौल लावला.

हरिश्चंद्र गुरवानं देवीच्या पाषाणाला दोन अंगांना कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. भागोजीनं एकट्यानं करावा काय? डावी कळी पडली, म्हणजे नाही. लवूनं एकट्यानं करावा काय? परत डावी. दोघांनी मिळून करावा काय? गुरवाचं बोलणं पुरं होण्याआधी उजवी टपकन खाली. कळी किती ओली करून चिकटवायची ते गुरवाच्या बोटांना कळतं, असं कुजबुजणारे गावात होतेच. पण ते देवळात कोण बोलणार? भागोजी एका खांबाशी उभा होता आणि लवू दुसऱ्या. दोघांनी देवीला हात जोडले आणि दोन वेगळ्या वाटांनी घरी आले.

माघ लागला तेव्हा ओंडका भागोजीच्या खळ्यात पडला आणि वाकसाला सुरुवात झाली. फणसाचं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं. ढलप्या उडून अंगणभर पसरल्या. लाकूड अजून हिरवं होतं. पातं घातलं की चीक यायचा आणि भागोजी दर थोड्या वेळानं पातं तेलाच्या बोळ्यानं पुसायचा. पन्नाशीला आलेला माणूस, पण वाकस घेऊन ओंडक्यावर एक पाय रोवून उभा राहिला की त्याच्या पाठीतली शीर अन् शीर कामाला लागे. वाकस थेट त्याच्या अंगठ्याच्या पुढं पडायचा, आणि राहीचा जीव इतक्या वर्षांनंतरही तेवढ्यापुरता वर जाऊन खाली यायचा. हळूहळू पाठीची कमान निघाली, मग पुढचा उचललेला पंजा निघाला. वाघ वजनाला हलका व्हावा म्हणून पोट आतून कोरलं.

जनावर आकाराला आलं की गडग्यावर ठेवायचं, तिकडून दोघींनी ते उतरून घ्यायचं, लवूनं बघायचं आणि काय हवं-नको ते कळवायचं, अशी वहिवाट पडली. लवूनं पाय बघितले आणि म्हणाला, "ह्ये वागाचे पाय हायत काय मांडवाचे खांब?" काशीनं येऊन सांगितलं, "पाय वाईच बारीक झाले तर बरं, म्हनतायत."

भागोजीनं राहीकडं संशयानं बघितलं. "इतक्या गोडीनं बोल्ला तो?"

"मग? तुमच्यासारका नाय तो."

"मस्करी करीत आसंल," भागोजी म्हणाला. पण पाय बारीक केले. ते बारीक पाय लवूच्या हाती गेले तेव्हा त्यानं त्यांवरून बराच वेळ अंगठा फिरवला. काशीनं ते बघितलं आणि राहीला येऊन सांगितलं. राहीला वाटलं, अजून काही सगळं हातचं गेलेलं नाही. ती रानात जाऊन खरवतीची खरखरीत पानं ओटीभर घेऊन आली. अंग घासून गुळगुळीत करायचं काम बायकांचं. पाठीच्या बाजूनं तिनं लगेच सुरुवातही केली. पान झिजून मऊ झालं की टाकायचं आणि दुसरं घ्यायचं. बोटांची टोकं सोलवटून निघायची, पण घासताना ती लवूच्या मुंबईचं विसरून जायची.

अंग पुरं झालं. आता मुंडी काढायला वाघ लवूकडं जायचा होता. भागोजी पाठ धरून ओट्यावर टेकला होता. दमला होता, आणि दमला की त्याची जीभ सुटायची.

"सांग तेला," तो म्हणाला, "मुंडी ठेवलीय मोटी, घायनं तासू नको म्हनावं."

"सांगतंव."

"आनि त्या शेनाच्या गोल्याला सांग, बापूस लाकूड वलखायला शिकवीत व्हता तवा हा माकड झाडावर बसून चिंचा खाईत व्हता. आजून अक्कल आली नसंल..."

राहीचे कान मिटले. भागोजी पुढं बराच वेळ बोलत होता. ती 'व्हय व्हय' करीत पदर खोचून उठली आणि तिनं काशीला हाक मारली. दोघींनी वाघ बांबूला बांधून पलीकडं नेला. राही लवूला म्हणाली, "मुंडी मोटी ठेवलीय, सावकास तास म्हनतायत."

"आनि काय म्हनाला?"

"काय नाय. तेवडंच."

लवूला तोंड काढायला उजेड लागे. त्यानं वाघ खळ्याच्या उघड्या कोपऱ्यात, उन्हाला तोंड करून बसवला. लाकूड ओलं की सुकं हे बघायचं काम आधी बापानं केलं होतं आणि बापानंतर दादानं; वेगळा झाल्यावर लवू बाजारातलं सुकलेलं लाकूडच आणायचा. दादानं काही कळवलं नाही, म्हणजे सुकलेलं असणार, असं तो धरून चालला. त्यात त्याची काही चूक म्हणता येणार नाही. कपाळ निघालं, मग नाकाडाची रेघ आली, मिशांचे खळगे आले. फाल्गुनाचं ऊन तापायला लागलं होतं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी भर दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना खळ्यात काड्कन आवाज झाला.

लवू हातातला घास टाकून बाहेर आला. वाघ गळ्यापासून छातीच्या खालपर्यंत उभा फाटला होता. चीर एवढी की करंगळी आत जावी.

गडग्याच्या या अंगाला भागोजीही बाहेर आला होता. त्यानं लांबूनच बघितलं. दोघांची नजर एकदा भिडली आणि दोघं आपापल्या घरात वळले.

"मुद्दाम केलान," भागोजी घरात येऊन म्हणाला.  "मी येवडं बजावून सांगितलं आनि यानं मुद्दाम उनात ठेवला. जाता जाता माजं नाक कापून चाललाय. जा, सांग तेला, तेचं तोंड मना परत बगायचं नाय. सांग."

राही निघाली. हा निरोप कसा गाळायचा ते तिला कळेना. गडग्याशी पोचली तर पलीकडून काशी डोळे पुसत येत होती.

"बाय," काशी म्हणाली, "ह्ये म्हनतायत, दादानं मुद्दाम हिरवं लाकूड दिलान. मी निगालोय म्हनून गावासमोर तोंडाला कालं फासलान."

"मुद्दाम कसं? ह्ये तर म्हनतात, मी बजावून सांगितलं व्हतं."

"कवा सांगितलं?"

राही बोलता बोलता थांबली. वाघ न्यायच्या दिवशी भागोजी ओट्यावर बसून हात हलवत बोलत होता ते तिला आठवलं. चिंचा आठवल्या, माकड आठवलं. त्याच्या पुढचं काहीच आठवेना. ती उलट्या पावली घरात गेली.

"त्या दिशी तुमी काय सांगितलं व्हतंत मना? चिंचांच्या पुडं?"

"पुडं काय? लाकूड हिरवं हाय. छातीला शेनाचा लेप दे, वलं गोनपाट टाक नि सावलीत बसून काम कर. हेच सांगितलं."

 राहीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. एवढी वर्षं जे घर आपण निरोप गाळून गाळून सांभाळलं, ते आपल्याच हातानं फाटलं.  ती खळ्यात आली आणि गडग्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. ती कधी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी दोन्ही घरांत ऐकू जाईल असं बोलली.

"लवू, भायेर ये. तुमीपन या. वाग माज्यामुलं फाटला. यानी शेन लावायला सांगितलं व्हतं, सावलीत ठेवायला सांगितलं व्हतं. शिव्यांच्या मदी सांगितलं, नि शिव्या मी कंदी ऐकत नाय. सात वर्सं मी नि काशीनं तुमचं बोलनं धुवून धुवून ह्याचं तेला पोचवलं. तुमी येकमेकाला काय काय बोल्लात ते तुमाला ठावंपन नाय. आता पुरे झालं. आजपासून मी कुनाचा निरोप न्यायाची नाय. काशीपन न्यायाची नाय. तोंडं हायत तुमाला."

एवढं बोलून ती आत गेली आणि चुलीपुढं बसून पोटभर रडली.

त्यानंतर निरोप बंद झाले. लवूचं उखळ भागोजीकडं होतं, भागोजीची मोठी करवत लवूकडं. मागायचं कसं? भागोजीनं काम सोडून दिलं, पण करवत मागितली नाही. गावकर काशीराम चौकशीला आला, तेव्हा वाघ गोणपाटाखाली झाकलेला होता. त्यानं गोणपाट उचललं, परत टाकलं आणि म्हणाला, "शिमगा आट दिसांवर आलाय. होत नसंल तर सांगा. पोरं म्हनतात, रत्नागिरीत प्लास्टरचा मिलतो." तो कुणाकडेच बघून बोलला नव्हता, त्यामुळं दोघांनाही सारखंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवूनं गोणपाट काढलं. फाटीत पाचर बसवायची त्यानं ठरवलं होतं. काशीनं चुलीवर राळ आणि उंडीचं तेल वितळवत ठेवलं होतं. होडीवाले फळ्यांच्या फटी बुजवायला वापरतात तसं. पण हे एकट्याचं काम नव्हतं. चीर दोन छिन्न्यांनी जराशी उघडी धरायची, तिच्यात राळ ओतायची आणि पातळ पाचर वरून खाली एका दमात ठोकायची. लवूनं एक छिन्नी पायांच्या अंगठ्यांत धरली, दुसरी हनुवटीनं दाबली. पहिली पाचर मोडली. दुसरी अर्धी जाऊन मोडली.

गडग्याच्या या बाजूला भागोजी नांगराचं रुमणं तासत बसला होता. तांदूळ निवडणाऱ्या राहीच्या लक्षात आलं की तासण्याचा आवाज केव्हाच थांबला आहे. भागोजी मान उंच करून बघत होता. लवूनं तिसरी पाचर चिरीच्या तोंडाशी धरली.

"तिरपी धरलीस," भागोजी म्हणाला.

राहीच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. पलीकडं राळ ढवळणारी काशीही थांबली. लवूनं मान वर केली नाही.

"मग कशी धरू?"

"रेषंच्या अंगानं. फनसाची चालनार नाय तितं, मऊ पडते. खैराची पायजे." भागोजी राहीकडं वळला. "तुजं जुनं मुसल खैराचं ना? आन."

"माज्याकडं काय मागायचं, मुसल पोटमाल्यावरच हाय," राही म्हणाली.  भागोजीनं स्वतः उठून मुसळ काढलं, करवतीसाठी इकडंतिकडं बघितलं आणि गडग्यावरून हात पुढं केला. लवूनं करवत त्या हातात दिली.

खैराची लांब, लालकाळी पाचर तासून झाली तेव्हा भागोजी धोतर वर खोचून गडगा चढला. गुडघा दगडाला खरचटला, पण खाली न बघता तो पलीकडं उतरला. वाघाच्या एका अंगाला तो बसला, दुसऱ्या अंगाला लवू. काशीनं राळ ओतली.

"धर. सोडू नको."

"धरलीय."

"हान. हलू. वरनं ये आता. मारू नको, ठोक."

"ठोकतंव तर. तुमची छिन्नी सरकतेय, दादा."

"सरकत नाय. तू बग आपलं."

छिन्नी सरकत होती. भागोजीनं ती गुपचूप सरळ केली. पाचर खाली खाली गेली आणि राळ चिरीच्या दोन्ही ओठांतून फेसासारखी बाहेर आली. मग दोघांनी छिन्न्या एकदमच काढल्या. फणसाच्या पिवळ्या छातीत खैराची काळसर रेघ घट्ट बसली. भागोजीनं तिच्यावरून हात फिरवला. नख अडकलं नाही. लवूनंही फिरवला. मग दोघं पाठ टेकून बसले, घामानं निथळत. काशीनं दोघांना एकाच तांब्यातून पाणी दिलं आणि त्यांनी ते प्यायलं.

पुढचे दिवस चौघांना जेवायलाही सवड नव्हती. लवूनं तोंड काढलं. भागोजी शेजारी उकिडवा बसून सावली धरायचा आणि मधूनमधून नको तिथं बोलायचा. लवूही उलट बोलायचा. खैराची रेघ वेगळी दिसू नये म्हणून लवूनं वाघाच्या अंगभर पट्टे कोरले, काशीनं त्यांत तेलात कालवलेलं काजळ भरलं. राहीनं खरवतीनं घासून घासून वाघाला उंडीचं तेल पाजलं. डोळे सगळ्यांत शेवटी झाले. ते उघडले तेव्हा राहीनं नकळत पदर सावरला.

शिमग्याला गिरणीतल्या पोरांनी पालखीला खांदे दिले, त्यामुळं त्या वर्षी पालखी भलती उंच नाचली. पुढं वाघ. सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या ओट्यावर, तो ठेवला तसे लोक भोवती जमले. गावकर काशीराम वाकून बघत म्हणाला, "लवू, तोंड काय काडलंस रं."

आजूबाजूची माणसं भागोजीकडं बघायला लागली. सगळ्यांना पावसचे हत्ती आठवले. भागोजीनं घसा साफ केला.

"तोंड चांगलंच झालंय," तो म्हणाला. "मुंडी मी ठेवलीच व्हती तशी."

"आनि ह्यो छातीवरचा सरल पट्टा? वागाला आसा पट्टा कंदी बगितला नवता. ह्यो कुनी काडला?"

"तो वयनीनं काडलाय," लवू म्हणाला.

"व्हय. तो आमच्या हिचा," भागोजी म्हणाला आणि दोघं भाऊ तोंडावर हात ठेवून हसायला लागले. राहीनं लाजून पदरात तोंड लपवलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण लवूचं जाणं काही टळलं नव्हतं. पालखी देवळात गेली आणि दुसऱ्या सकाळी त्याची पत्र्याची ट्रंक खळ्यात आली. दुपारची एसटी होती. काशीनं चूल मोडून भांडी ट्रंकेत भरली होती. भागोजी सकाळपासून घरात येत होता आणि बाहेर जात होता. शेवटी राहीपुढं येऊन उभा राहिला.

"तेला सांग..."

"मी न्यायाची नाय," राही म्हणाली आणि तांदूळ पाखडत राहिली.

"आगो, चांगलं सांगायचं हाय."

"चांगलं आसलं तरी नाय."

भागोजी जागच्या जागी घुटमळला. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. मग गडग्याशी गेला. राहीनं सूप खाली ठेवलं. 

"लव्या."

लवू ट्रंकेला दोर आवळत होता. त्यानं मान वर केली.

"पालखीला पालीचा मानूस आला व्हता. वाग बगून गेला. तेंच्या देवलाच्या मांडवात दोन बैल पायजेत. मी व्हय म्हनून बसलोय."

"मग करा."

"अंगं करीन." भागोजी गडग्याच्या दगडावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिला. शेवाळ निघालं तरी नख चालूच होतं. "तोंडं मना येत नाईत. तुला ठावं हाय. साऱ्या गावाला ठावं हाय. भोपल्यावरपन येनार नाईत." मग तो म्हणाला, "जाऊ नको."

लवू दोर हातात धरून तसाच उभा राहिला. काशी दारात आली होती.   भागोजी जायला वळला तेव्हा मागून लवूचा आवाज आला.

"बैल उबे का बसलेले?"

"उबे."

"मांडवात बसलेले बरे दिसतील."

"बसलेला बैल? देवाच्या दारात बैल काय रवंथ करायला येतो?"

"उबा केलात तर पाय खांबासारके कराल परत."

"म्हंजे ते तू म्हनाला व्हतास? मना तर सांगितलं, वाईच बारीक करा."

काशीनं दारातच बसून ट्रंकेची गाठ सोडायला घेतली. आवळलेली गाठ सुटेना, तेव्हा तिनं दातांनी सोडवली आणि वरचं भाताचं पातेलं बाहेर काढलं. "बाय," तिनं गडग्यावरून हाक दिली, "माजी चूल मोडलीय. भात आज तुमच्यातच टाका."

राहीनं मडक्यातून आणखी दोन मुठी तांदूळ काढले. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, हात तांदळाचे होते. तिकडं गडग्यावर उन्हं चढली तरी बैल उभा की बसलेला, ते ठरत नव्हतं.